वाढत्या कवटीची भरपाई

गच्चीवरून, झाडावरून किंवा धावत्या दुचाकीवरून पडलेल्या मुलाच्या मेंदूला सूज आली आणि ती औषधांना जुमानीनाशी झाली, की शल्यविशारद कवटीचा एक मोठा भाग काढून मेंदूला फुगावयास जागा करून देतात आणि त्यामुळे कित्येकदा मुलाचा जीव वाचतो, ही गोष्ट आता बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेली असते. परंतु सूज ओसरून मूल हिंडूफिरू लागल्यावर त्या उघड्या राहिलेल्या जागेवर काय बसवावयाचे, हा प्रश्न मात्र रुग्णालयाच्या आवाराबाहेर सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः पहिल्या शस्त्रक्रियेचा निर्णय घाईत घ्यावा लागतो आणि तो घेताना पर्यायही फारसे नसतात. दुसरीचा निर्णय सावकाश घेता येतो, पर्याय अनेक असतात, आणि जे काही निवडले जाईल ते त्या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षे मस्तकावर वागवावे लागते.

माझे एक जुने स्नेही सार्वजनिक रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रिया करण्यात उभे आयुष्य वेचून आता सेवानिवृत्त झाले आहेत. त्यांची पुतणी अभियंता असून सीटी स्कॅनवरून प्रत्येक रुग्णाच्या मापाची इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम रोपणे, संगणकावर आखून देण्याचे काम करते. दोघांचा एकमेकांवर लोभ मोठा, आणि या विषयावरील मतभेदही तितकाच मोठा. संक्रांतीच्या दिवसांत पतंगापायी गच्चीवरून पडलेल्या एका सात वर्षांच्या मुलाच्या पालकांनी दोघांचाही सल्ला मागितला होता. मुलाचे काढून ठेवलेले हाड तीन महिन्यांनी परत बसविले होते, आणि पुढच्या वर्षभरात ते कडांकडून विरत जाऊन त्यात भोके पडली होती. त्यावर काका-पुतणीत जी मसलत झाली ती मी बाजूला बसून ऐकली, आणि मला ती सर्वांपुढे ठेवण्याच्या योग्यतेची वाटली.

"तू आखून देतेस ते कितीही सुबक असले तरी निर्जीव असते," काकांनी आरंभ केला, "आणि मुलाची कवटी ही काही एकदा ओतून तयार झालेली वस्तू नव्हे. जन्माच्या वेळी मस्तकाचा घेर चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असतो, वर्ष पुरे होताना तो पंचेचाळीस-सेहेचाळीसवर जातो, आणि प्रौढपणी पंचावन्नाच्या आसपास येऊन थांबतो. ही वाढ हाडांच्या सांध्यांत होते, तशीच हाडाच्या अंगातही होते: बाहेरच्या बाजूने नवे हाड चढत जाते आणि आतल्या बाजूने जुने झिजत जाते, म्हणून तर मेंदूला जागा मिळते. या देवघेवीत सामील होऊ शकेल असे द्रव्य जगात एकच आहे, आणि ते म्हणजे त्या मुलाचे स्वतःचे हाड. आपल्याकडचा वारसाही हेच सांगतो. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आल्यावर युरोपातले शल्यक चकित झाले. ज्याचे त्याला, हे तत्त्व तिथे सिद्ध झालेले आहे."

"कातडीच्या बाबतीत सिद्ध झाले, काका," पुतणी म्हणाली, "कारण कपाळाची ती कातडी देठाने जोडलेली होती, तिचा रक्तपुरवठा एक क्षणभरही तुटलेला नव्हता. या मुलाच्या हाडाचे तसे झाले नाही. ते उणे सत्तर अंशांखालच्या शीतपेटीत तीन महिने होते. त्यातली एकूण एक पेशी मेलेली होती. आपण ते परत बसवितो तेव्हा त्याला स्वतःचे हाड म्हणतो खरे, पण शरीराच्या दृष्टीने ती केवळ एक चौकट असते. कडांकडून रक्तवाहिन्या आत शिरून, जुने हाड खाऊन, त्या जागी नवे घालीत पुढे सरकल्या तरच ते हाड जगते. मोठ्या माणसात ही क्रिया बरीचशी पार पडते. मुलांत हाड खाणाऱ्या पेशींचा वेग हाड घालणाऱ्यांहून अधिक ठरतो, आणि मग जे या मुलाचे झाले ते होते. मुलांविषयी प्रसिद्ध झालेल्या काही पाहण्यांत निम्म्याच्या आसपास मुलांचे हाड असे विरलेले आढळले. दोहोंपैकी एका मुलाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागणार असेल, तर त्या पद्धतीला आपण पहिली पसंती कोणत्या आधाराने द्यायची?"

काकांनी हा मुद्दा टाळला नाही, हे मला विशेष वाटले. शीतपेटीची सोय नसलेल्या रुग्णालयांत, किंवा विजेचा भरवसा नसलेल्या गावी, हाड पोटाच्या कातडीखाली कप्पा करून ठेवण्याची पद्धत आपल्या देशात सर्रास चालते, आणि ती त्यांनी शेकडो प्रौढांत वापरलेली आहे. परंतु चिमुकल्या पोटावर तेवढी जागा नसते, आणि तिथेही हाडाच्या कडा झिजतात, हे त्यांनीच सांगितले. हाडाचे तुकडे झालेले असले, ते फार मोठे असले किंवा मूल फार लहान असले, म्हणजे ते विरण्याची भीती वाढते, हेही त्यांनी कबूल केले.

"पण यावरून निष्कर्ष निघतो तो मेलेल्या हाडाविरुद्ध," ते म्हणाले, "हाडाविरुद्ध नव्हे. कवटीचे हाड दुपदरी असते. बाहेरचा पदर, आतला पदर, आणि मध्ये रक्ताने भरलेला सच्छिद्र थर. दुसऱ्या बाजूचे निरोगी हाड उचलून बारीक करवतीने आणि छिन्नीने हे दोन पदर वेगळे करता येतात. एक पदर जागच्या जागी परत ठेवायचा, दुसरा भोकावर बसवायचा. १८९० साली जर्मनीत म्युलर आणि कोनिग यांनी बाहेरचा पदर सरकवून कवटीचे भोक झाकले, तेव्हापासून ही कल्पना शल्यकांच्या हाती आहे. ताजे, त्याच क्षणी काढलेले आणि त्याच क्षणी बसविलेले हाड शीतपेटीतल्या हाडासारखे वागत नाही. ते बहुधा धरते, मुलाबरोबर वाढते, आणि दहा वर्षांनी कवटीत शोधूनही सापडत नाही."

"मला ते मान्य आहे," पुतणी म्हणाली, "पण त्याची किंमत कोण मोजते तेही पाहा. या मुलाचे वजन वीस किलो. मुलाच्या अंगात किलोमागे सत्तर-पंचाहत्तर मिलिलिटर रक्त धरले, तर सगळे मिळून दीड लिटर. निरोगी बाजूचे तेवढेच मोठे हाड उचलायचे, म्हणजे मस्तकाची कातडी दोन्ही अंगांनी उघडायची, आणि मधला थर चिरला की तो भळभळत राहतो. मोठ्या माणसाला अडीचशे मिलिलिटर रक्त गेल्याचे फारसे जाणवत नाही. या मुलाचे तेवढे गेले तर अंगातल्या रक्ताचा सहावा हिस्सा गेला. शिवाय या अपघातात न दुखावलेली अशी बाजू त्याच्यापाशी एकच उरलेली आहे, आणि आपण तीच उघडणार."

इथे काही वेळ दोघेही सीटीची चित्रे पाहत राहिले. मला वाटते, या वादात हा मुद्दा पुरेशा गांभीर्याने मांडला जात नाही. स्वतःचे हाड वापरणे म्हणजे परके काही न घालणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. ते हाड कुठून तरी काढावे लागते, त्या ठिकाणीही जखम होते, आणि एकदा काढलेले तिथून पुन्हा काढता येत नाही, हे मनात येत नाही.

मग काकांनी इतिहासाचा आधार घेतला. मानवाने कवटीची भोके झाकण्यासाठी काय काय वापरले याची यादी मोठी आहे आणि ती त्यांना तोंडपाठ आहे. सोळाव्या शतकात इटलीच्या फालोपिओने सोन्याच्या पत्र्याचा उल्लेख केला. हॉलंडच्या मेकेरनने १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका रशियन उमरावाच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसविल्याची हकीकत नोंदली, आणि त्यापायी त्या उमरावाला चर्चने बहिष्कृत केल्याचेही लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेल्युलॉइड आले. दुसऱ्या महायुद्धात टँटलम नावाच्या धातूचे पत्रे सैनिकांच्या मस्तकांवर बसविले गेले. आणि १९४० च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक आले, ज्याचे सुधारलेले रूप आजही आपल्या रुग्णालयांत बोन सिमेंट म्हणून रोज वापरले जाते. "यांतल्या प्रत्येक द्रव्याची त्या त्या काळी प्रशंसाच झाली होती," काका म्हणाले, "आणि यांतली बहुतेक आज कोणी हाती धरीत नाही. टँटलमखालचे काही क्ष-किरणांत दिसेना, उन्हाथंडीचा त्रास होई. तुझे ते पॉलिइथर-इथर-कीटोन नावाचे प्लास्टिक कवटीसाठी वापरात येऊन किती वर्षे झाली? वीसेक. या मुलाच्या आयुष्याची लांबी त्याच्या तिप्पट-चौपट आहे."

मला हा युक्तिवाद अर्धाच पटला. जुनी द्रव्ये मागे पडली एवढ्यावरून नवे द्रव्यही मागे पडेलच असे ठरत नाही. पण ज्या द्रव्याचा अनुभव वीस वर्षांचा आहे, त्याच्याविषयी साठ वर्षांची हमी देण्याचा अधिकार कोणालाही नाही, एवढे मात्र त्यातून निश्चित निघते. पुतणीनेही ते मान्य केले, आणि मग आपल्याच द्रव्यांचा तिने जो हिशेब मांडला तो इतका चोख होता की त्यात काकांना फारशी भर घालावी लागली नाही.

बोन सिमेंट स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, आणि भुकटी व द्रव कालवून हव्या त्या आकाराचे करता येते. पण ते घट्ट होताना स्वतःच तापते, आणि तो ताप सत्तर अंशांच्या वरही जाऊ शकतो. म्हणून ते मेंदूच्या आवरणावर थेट न थापता, सीटीवरून छापलेल्या साच्यात बाहेर ओतून, पुरते निवल्यावर बसविणे श्रेयस्कर, आणि आज थ्रीडी छपाईने हा साचा जिल्ह्याच्या ठिकाणीही करून घेता येतो. हाड त्याला कधी धरत नाही, मार लागल्यास ते फुटते, आणि जंतुसंसर्ग झाला तर सगळेच्या सगळे काढावे लागते. पॉलिइथर-इथर-कीटोन चिवट आहे, उष्णता वाहून नेत नाही, सीटीत त्याची छाया आड येत नाही, आणि शस्त्रक्रियागृहातच कड घासून नीट बसविता येते. पण ते महाग, आणि हाड त्यालाही धरत नाही. हाडाच्याच खनिजाचे, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे, सच्छिद्र रोपण इटलीत फाएन्झा या मातीच्या भांड्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध असलेल्या गावी रुग्णाच्या मापाने तयार होते. त्याच्या छिद्रांतून खरे हाड आत वाढते, आणि म्हणून मुलांसाठी त्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हाड आत शिरेपर्यंतच्या महिन्यांत ते ठिसूळ असते, आणि पडू नकोस असे सात वर्षांच्या मुलाला किती महिने सांगत राहणार?

टायटॅनियमवर मात्र दोघेही बराच वेळ रेंगाळले, कारण आपल्याकडे पालकांना सर्वांत अधिक विश्वास वाटतो तो याच धातूचा. तो हलका, गंजत नाही, शरीर त्याला सहसा नाकारीत नाही, आणि एमआरआयला अडचण करीत नाही. त्याची जाळी घातलेले काही रुग्ण कडक उन्हात डोके तापल्याची आणि थंडीत गारठल्याची तक्रार करतात, आणि विदर्भातल्या वैशाखात शाळेत पायी जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही तक्रार क्षुल्लक म्हणता येणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, कित्येक वर्षांनी जाळीवरची कातडी पातळ होत जाऊन कधी कधी धातू उघडा पडतो. ज्या मुलाच्या मस्तकावर आधीच दोन-तीन शस्त्रक्रियांचे व्रण आहेत, त्याच्यात ही भीती अधिक.

"आणि खोलात जाण्याचे काय?" काकांनी विचारले.

"ते लहान मुलांत होते," पुतणी म्हणाली. "वाढत्या झाडाच्या खोडाला ठोकलेला खिळा जसा काही वर्षांनी सालीच्या आत दिसेनासा होतो, तसेच हे आहे. बाहेरून हाड चढते, आतून झिजते, आणि स्क्रूने पक्की केलेली पट्टी जागची न हलताही आतल्या बाजूला येते. अगदी लहान बाळांच्या कवटीवर बसविलेल्या धातूच्या पट्ट्या काही वर्षांनी मेंदूच्या आवरणाला टेकलेल्या सापडल्या, म्हणून तर १९९० नंतरच्या दशकात शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू आले. ते हाड धरेपर्यंत आपली ताकद टिकवून मग हळूहळू नाहीसे होतात. सात वर्षांच्या मुलात मात्र हा धोका पुष्कळ कमी. पाचव्या वर्षानंतर मस्तकाचा घेर चार-पाच सेंटिमीटरच वाढावयाचा राहतो. म्हणून मी म्हणते, सातव्या वर्षी वाढीचे कारण पुढे करून कृत्रिम रोपण नाकारणे योग्य नाही."

"सातव्या वर्षी नाही," काका शांतपणे म्हणाले, "पण दुसऱ्या वर्षी?"

यानंतर संभाषण त्या मुलापुरते उरले नाही. माझ्या मते, या विषयाचा सगळा पेच याच जागी आहे आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे: ज्या वयात जिवंत, वाढणाऱ्या हाडाची गरज सर्वाधिक असते, नेमके त्याच वयात ते मिळणे सर्वांत कठीण असते. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या कवटीत मधला सच्छिद्र थर तयारच झालेला नसतो; हाड इतके पातळ, की त्याचे दोन पदर होऊ शकत नाहीत. शीतपेटीतले हाड याच मुलांत अधिक विरते. आणि पक्के बसविलेले कृत्रिम रोपणही याच मुलांच्या वाढीशी सर्वांत अधिक विसंगत. वर्ष-सव्वा वर्षाच्या आतल्या बाळाला निसर्गाने एक सवलत दिली आहे: मेंदूवरचे जाड आवरण, ज्याला शल्यक ड्युरा म्हणतात, ते त्या वयात स्वतःच हाड घालते, आणि लहान भोके आपोआप भरून येतात. त्या सवलतीची मुदत संपलेली आणि दुपदरी हाडाची वेळ न आलेली अशी जी दीड ते चार वर्षांमधली मुले असतात, ती खरी अडचणीतली.

काका अशा मुलासाठी बरगडीकडे वळतात. बरगडीचे वेष्टन जागेवर ठेवले तर ती पुन्हा उगवते, हा त्यांचा आवडता दाखला. बॉस्टनच्या बाल रुग्णालयातल्या शल्यकांची रीतही ते सांगतात: निरोगी बाजूचे अखंड हाड भोकावर बसवायचे आणि हाताने फिरविण्याच्या सामत्याने खरवडून काढलेला हाडाचा भुसा त्या नव्या भोकात भरायचा, म्हणजे ड्युरावर तो धरून तिथे पुन्हा हाड होते. पुतणीला ही रीत मनापासून पसंत आहे; तिचा आक्षेप रक्तस्रावाचा आणि अनुभवी हातांच्या दुर्मिळतेचा. हे करू शकणारी केंद्रे मोजकी आहेत, आणि धुळ्याच्या किंवा गडचिरोलीच्या पालकाला ती गाठावयास सांगणे म्हणजे मजुरी बुडवून, घर बंद करून निघावयास सांगणे. तिचे म्हणणे असे की, अशा मुलाला हेल्मेट घालून, भोक उघडे ठेवून, हाड दुपदरी होईपर्यंत थांबता आले तर थांबावे. ते शक्य नसेल तर कृत्रिम रोपण बसवावे, पण पुढे ते काढावयाचे आहे असा करार मनाशी करूनच, आणि सुट्या होतील अशा स्क्रूंनी.

"हेल्मेट किती दिवस राहील त्या पोराच्या डोक्यावर?" काका म्हणाले. "आणि उघड्या भोकाखाली मेंदू खोल जातो, मूल चिडचिडे होते, डोके दुखते, कधी हातपाय मंदावतात; हाड बसविल्यावर ते सुधारलेले मी पाहिले आहेत. थांबण्याचाही खर्च असतो." तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या कवटीला चीर जाऊन खाली ड्युराही फाटली असेल, तर मेंदूच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती चीर रुंदावत जाते, तिथे थांबणे हाच अपराध, आणि कोणतेही द्रव्य निवडण्याआधी ड्युरा शिवून बंद करणे हे पहिले काम, असेही त्यांनी बजावले. या एका गोष्टीवर पुतणीने तत्काळ मान डोलावली.

दोघांचे ऐकून माझे जे मत बनले ते असे, की मुलाच्या कवटीसाठी द्रव्य निवडताना कोणते द्रव्य उत्तम, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ही निवड फसली तर पुढे काय हाती उरते. चौथ्या वर्षाच्या आत निरोगी बाजूचे हाड अपुऱ्या कौशल्याने काढून वाया घालविले, तर दहाव्या वर्षी उपयोगी पडले असते असे भांडार रिकामे होते. उलट, चांगल्या कातडीखाली नीट बसविलेले कृत्रिम रोपण जंतुसंसर्गामुळे काढावे लागले, तरी मुलाचे स्वतःचे हाड शाबूत असते, मात्र कातडीचे नुकसान झालेले असते. म्हणून कातडी पातळ आणि व्रणांनी ताणलेली असेल तिथे मी काकांच्या बाजूला जाईन; कातडी निकोप आणि भोक फार मोठे असेल तिथे पुतणीच्या. खर्चाचा प्रश्न या सर्वांवर सावली धरून असतोच, आणि सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी ज्या द्रव्याला मिळेल तेच त्या मुलासाठी योग्य ठरते, असे जिथे घडते तिथे या साऱ्या विवेचनाला अर्थ उरत नाही. मंजुरी देणाऱ्या दप्तरांत मुलांसाठी वेगळा विचार व्हावा, असे मला तळमळून वाटते.

त्या सात वर्षांच्या मुलापुरता निकाल लागला तो असा: विरलेले हाड काढावयाचे; निरोगी बाजूच्या हाडाची जाडी सीटीवर ठिकठिकाणी मोजावयाची; मधला थर पुरेसा दिसला तर भोकाचा कपाळाकडचा, डोळ्यांत भरणारा भाग दुपदरी हाडाने भरावयाचा आणि मागचा भाग मापाच्या रोपणाने झाकावयाचा, म्हणजे निरोगी बाजू अर्धीच उघडावी लागेल. ही तडजोड पुतणीने सुचविली, आणि काकांनी रक्ताची तजवीज आधी झाली पाहिजे या अटीवर ती स्वीकारली. दोन वर्षांच्या मुलाविषयी मात्र दोघे जिथे होते तिथेच राहिले, आणि पालकांना लिहिलेल्या पत्रात याहून लहान मुलांच्या बाबतीत हाच सल्ला गृहीत धरू नये, असे दोघांनी मिळून लिहिले.

त्याच पत्रात शेवटी पुतणीच्या आग्रहाने एक कलम घातले गेले. इम्प्लांटच्या वेष्टनावरची चिकटपट्टी, जिच्यावर द्रव्याचे नाव आणि उत्पादनाचा गट-क्रमांक छापलेला असतो, ती केस पेपरवर तर चिकटवावीच, पण तिची एक प्रत आणि सीटीची मूळ संगणकीय नोंद पालकांच्या स्वाधीन करावी. कारण रुग्णालयाच्या दप्तरातले कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्यास परवानगी असते, आणि हा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होऊन दुसऱ्या गावी एमआरआयच्या यंत्रासमोर उभा राहील तेव्हा त्याच्या मस्तकात काय आहे हे तिथे कोणालाच ठाऊक नसेल. काकांनी त्याखाली आपल्या हाताने भर घातली, की सोळाव्या वर्षापर्यंत दरसाल फेरतपासणी व्हावी, तिचा खर्च शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकातच आधी धरावा, आणि सही करून कागद पुतणीकडे दिला.